खाजेची वही: बी. फार्म. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्प नोंदी, सोलापूर

६ जानेवारी २०२५, सोमवार

विषय एकदाचा मिळाला: खाज. वर्गात सांगितल्यावर सगळे हसले आणि हसता हसता दोघांनी मान खाजवली. खाजेचं नुसतं नाव काढलं तरी ती सुटते, जांभईसारखीच. पहिली नोंद हीच.

मी आणि पार्टनर मनाशी ठरवून गेलो होतो की मेंथॉल घालून एक थंडगार लोशन करायचं, बऱ्यापैकी बाटलीत भरायचं, व्हायव्हा (तोंडी परीक्षा) झाला की मोकळे. प्रकल्पाच्या गाइड मॅडमनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे कुठल्या खाजेवर?" आम्ही म्हणालो, खाजेवर. "मग आधी खाज म्हणजे काय ते लिहून आणा. लोशनचं नंतर बघू."

पुस्तकात व्याख्या सापडली. १६६० मध्ये सामुएल हाफेनरेफर नावाच्या जर्मन वैद्याने केलेली: खाजवावंसं वाटायला लावणारी नकोशी संवेदना. साडेतीनशे वर्षं उलटून गेली तरी पुस्तकं तीच देतात. पार्टनर म्हणाला, "ही तर माझ्या आजीनं पण सांगितली असती."

९ जानेवारी, गुरुवार

दोन दिवस लायब्ररी. कामाचं तेवढं उतरवतो.

त्वचेत सी-तंतू नावाचे अगदी बारीक मज्जातंतू असतात, त्यांतले काही खाजेचा निरोप पाठीच्या मज्जारज्जूकडे नेतात. वेग सेकंदाला मीटर-दोन मीटर, म्हणजे आपण चालतो त्या चालीने. बराच काळ खाज ही सौम्य वेदनाच असं मानायचे. २००७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांच्या मज्जारज्जूत खाजेपुरता वेगळा ग्राहक (निरोप पकडणारा रिसेप्टर) दाखवला, तो नसला की उंदीर कमी खाजवतात, वेदना मात्र नेहमीसारखीच जाणवते. म्हणजे वाट वेगळी आहे.

खाजवलं की बरं का वाटतं? नखाने होणारी बारीक वेदना मज्जारज्जूतच खाजेचा निरोप दाबते. पण तेवढ्यात कातडी सोलवटते, सूज येते, सुजेतून पुन्हा खाज. या चक्राला बाहेरून कशाची गरज लागत नाही, ते आपलं आपण फिरत राहतं.

मला सगळ्यात आवडली ती खाजकुहिलीची गोष्ट. गावी चौथीत असताना एका पोराने माझ्या शर्टात तिच्या शेंगेवरची लव टाकली होती. मी विहिरीवर जाऊन अंगावर पाणी ओतत बसलो, आजोबांनी शेण चोळलं, गुण कशाने आला कुणास ठाऊक. आता कळलं की त्या लवेत प्रथिनं तोडणारं विकर असतं आणि ते हिस्टामिनला, म्हणजे ॲलर्जीत अंगातून सुटणाऱ्या रसायनाला, मध्ये न घेताच खाज उठवतं. प्रयोगशाळांत खाजेचा अभ्यास करायला हीच लव वापरतात. म्हणून अंगावर पित्त उठलं की हिस्टामिन अडवणाऱ्या सेट्रिझिनच्या गोळीने उतरतं, कारण तिथे हिस्टामिन असतं. कोरड्या कातडीच्या खाजेवर त्याच गोळीने झोप तेवढी येते. मॅडमचा "कुठल्या खाजेवर?" हा प्रश्न इथे कुठेतरी होता.

१६ जानेवारी, गुरुवार

गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेची, गर्दी चालू आहे, कॉलेजात कुणी नाही. मामाच्या मेडिकलमध्ये संध्याकाळी सात ते नऊ बसायची परवानगी घेतली. दुकान पूर्व भागात, आजूबाजूला यंत्रमाग आणि विड्या वळणारी घरं. मॅडमची अट: नावं लिहायची नाहीत, फोटो काढायचे नाहीत, विचारून मगच नोंद करायची आणि औषध सांगायचं नाही.

पहिली अडचण शब्दांची. एकाच काउंटरवर खाज, कंड, दुरद आणि तुरिके. दुरद तेलुगू, तुरिके कन्नड. त्यात गजकर्ण, नायटा, खरूज, पुरळ, घामोळं, पित्त, चिखल्या ही नावं माणसं आपापल्या मनाने लावतात. आणि या सगळ्यांच्या वर एक निदान असतंच: "रक्त खराब झालंय." त्यासाठी रक्त शुद्ध करायचं गोड सिरप. ते मामा आनंदाने विकतो.

आठच्या सुमाराला मागावरचा एक जण आला. कमरेला आणि जांघेत खाज. त्याने नाव नाही सांगितलं, काचेवर बोट ठेवलं: "ती निळ्या पट्टीची." ट्यूब घेतली आणि निघाला, सगळं वीस सेकंदांत. मी मागे जाऊन विचारलं, किती दिवस झाले? "वर्ष झालं की. लावलं की जातं, सोडलं की येतं."

ट्यूबवरची अक्षरं वाचली. बुरशीचं औषध, प्रतिजैविक आणि त्यांच्या जोडीला क्लोबेटासॉल, स्टेरॉइडमधलं सगळ्यात जोरकस. स्टेरॉइडने सूज आणि खाज दोन दिवसांत बसते, माणूस खूश. पण त्वचेची तिथली प्रतिकारशक्तीही बसते आणि बुरशी खालून पसरत राहते. गजकर्णाची ती ओळखीची लाल कडा पुसट होते, मग डॉक्टरलाही चटकन ओळखू येत नाही. जांघेसारख्या पातळ कातडीवर वर्षभर लावलं तर कातडी झिरझिरीत होते, ताणल्यासारखे पट्टे उमटतात आणि ते पट्टे कायमचे. त्यातच आपल्या देशात ट्रायकोफायटन इंडोटिनी नावाची बुरशी पसरली आहे. तिला २०२० मध्ये नाव मिळालं ते आपल्या देशावरून, आणि बुरशीवरचं नेहमीचं औषध टर्बिनाफिन तिच्यापुढे पुष्कळदा फिकं पडतं.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने लावायची बरीच स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत टाकली. मामाला हे माहीत आहे. "मी नाही दिली तर समोरचा देतो. आणि तो माणूस पुढच्या वेळी बीपीची गोळी पण तिकडूनच घेतो," एवढं बोलून तो पावत्या लावायला लागला. मी वाद घातला नाही. रात्रीचं जेवण त्याच्याकडेच होतं.

२४ जानेवारी, शुक्रवार

आजीचे पाय. मामाकडे राहायला असलो की मी तिच्या खोलीत झोपतो आणि रात्री खर्रखर्र आवाज येत राहतो. परवा दिवसाउजेडी बघितलं. नडग्यांवर कोरड्या तळ्याच्या चिखलासारख्या भेगा, पांढरा कोंडा, मधूनमधून रक्ताचे टिपके. पुरळ कुठेच नाही. पायांचं कातडं उललंय.

तिची अंघोळ हा एक सोहळा आहे. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, त्यामुळे पाण्याच्या दिवशी सगळी कसर भरून काढायची. बंबातलं कढत पाणी, हिरवा साबण दोनदा आणि वर वजरीने पाय घासायचे. "खाज जाते बघ कढत पाण्यानं." जातेच, तास-दोन तास. मग दुप्पट येते, कारण कातडीवर जी तेलाची पातळ साय असते ती पाण्याबरोबर मोरीत गेलेली असते. आपल्या कातडीचा सामू पाचच्या आसपास, म्हणजे किंचित आंबट. साध्या साबणाचा नऊ-दहा. वय झालं की ती साय आधीच कमी होते, त्यात जानेवारीची कोरडी हवा.

मॅडमना सांगितलं. त्यांनी कौतुक केलं नाही, विचारलं, "आजींना शुगर आहे ना? किडनीची तपासणी कधी केली?" सहा आठवड्यांवर चाललेली, सगळ्या अंगाला येणारी आणि पुरळ नसलेली खाज असेल तर नुसत्या कातडीकडे बघून भागत नाही. मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, लोहाची कमतरता, क्वचित रक्ताचे किंवा लसिकाग्रंथींचे आजारही खाजेनेच दार वाजवतात. काविळीत डोळे पिवळे व्हायच्या आधी खाज येऊ शकते. दुसऱ्या दिवशी आजीचं रक्त दिलं. किडनीचं क्रिएटिनिन ठीक निघालं. शुगर ठीक नाही, पण ती कधीच नसते.

३ फेब्रुवारी, सोमवार

मॅडमनी लोशन बाद केलं आणि मलम मान्य केलं: कोरड्या कातडीसाठी साधं मॉइश्चरायझर. माणसांवर लावायचं नाही, त्याला एथिक्स कमिटीची परवानगी लागते. फक्त बनवायचं आणि टिकतं का बघायचं.

बॅच १. पुस्तकातला पाया घेतला: इमल्सिफाइंग वॅक्स (तेल-पाणी एकजीव करणारं मेण) ३० भाग, पांढरं सॉफ्ट पॅराफिन ५०, लिक्विड पॅराफिन २०. हे मिश्रण ३० ग्रॅम, बाकी पाणी. दोन्ही बीकर वॉटर बाथवर ७० अंशांना आणायचे, एकात एक ओतायचे आणि गार होईपर्यंत ढवळायचं. इतकं सोपं की पार्टनर मोबाइलवर मॅच लावून बसला. तेलाचा बीकर ७० ला होता, पाण्याचा आम्ही मघाशीच काढून ठेवलेला, ५० च्या खाली गेला असणार. ओतल्या ओतल्या मेण गोठलं. बीकरमध्ये साबुदाण्याची खिचडी.

पुन्हा केलं. या वेळी जमत आलं होतं आणि लाईट गेली. स्टररचा पंखा थांबला. काचेच्या कांडीने आळीपाळीने चाळीस मिनिटं हाताने ढवळलं. गुळगुळीत, पांढरंशुभ्र, दह्याच्या सायीसारखं. मनगट अजून दुखतंय.

५ फेब्रुवारी, बुधवार

ते पांढरंशुभ्र मलम बाद. मॅडम म्हणाल्या, "वॅक्समध्ये काय आहे ते वाचलं का?" इमल्सिफाइंग वॅक्समध्ये दहा टक्के सोडियम लॉरिल सल्फेट असतं, तेच जे शॅम्पूला फेस आणतं. हिशोब केला: ३० ग्रॅम पायात ९ ग्रॅम वॅक्स, त्यात ०.९ ग्रॅम लॉरिल सल्फेट. म्हणजे शंभर ग्रॅम मलमात जवळपास एक टक्का, जे धुऊन टाकायचं नसून अंगावर ठेवायचं आहे. ब्रिटनमध्ये याच धाटणीचं क्रीम वर्षानुवर्षं इसबाच्या मुलांना देत. २०१३ मध्ये तिथल्या औषध नियामकांनी इशारा दिला की याने काही जणांची, खासकरून इसब असलेल्या मुलांची, कातडी उलट चुरचुरते.

खाजेच्या मलमाने खाज. सेटोमॅक्रोगॉलचं वॅक्स मागवलं, त्यात ही भानगड नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बॅच २, सेटोमॅक्रोगॉलवर. लिक्विड पॅराफिनचा अर्धा भाग काढून करडईचं तेल घातलं. ही आयडिया माझी. आपल्या जिल्ह्यात करडई पिकते, घाण्याचं तेल बाजारात मिळतं आणि त्यात सुमारे पाऊणपट लिनोलेइक आम्ल असतं. कातडीच्या वरच्या थरातल्या विटांमधला सिमेंट बनायला हेच आम्ल लागतं. बॅच ३ मध्ये जोडीला १० टक्के युरिया, तो पाणी धरून ठेवतो आणि कोंडा मऊ करतो. गरम पाण्यात विरघळवून घातला.

मी थोडं मनगटावर लावून बघितलं. मॅडमनी पाहिलं. पुढची पाच मिनिटं लिहिण्यासारखी नाहीत.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंती, सुट्टी. गेले आठ दिवस बोटांच्या बेचक्यात आणि बेंबीभोवती खाज येतेय. रात्री जास्त. लॅबमधलं भांडी घासायचं लिक्विड असणार, हातमोजे न घालता वापरतो.

लिहायला लाज वाटते, पण वही खरी ठेवायची ठरवली आहे: मामाच्या दुकानातून निळ्या पट्टीची ट्यूब घेतली. दोन दिवसांत आराम.

१ मार्च, शनिवार

आराम कसला. आता मनगट, काख, कंबर. पार्टनरही खाजवतोय, आमच्या भाड्याच्या खोलीतले बाकीचे दोघंही. त्यांना वाटतं ढेकूण आहेत, गाद्या उन्हात टाकल्या.

मॅडमना बॅच ३ दाखवायला गेलो. त्यांनी बरणी बाजूला ठेवली आणि माझा हात धरून खिडकीपाशी नेला. अंगठ्याच्या बेचक्यात अर्ध्या सेंटिमीटरची राखाडी, नागमोडी रेघ, पेन्सिल घसरल्यासारखी, टोकाला बारीक ठिपका.

"रात्री जास्त?"

"हो."

"खोलीत अजून कुणाला?"

मी गप्प. हे दोन प्रश्न काउंटरवर विचारायच्या आमच्याच प्रश्नावलीतले, तिसरा आणि चौथा. दीड महिना मी ते दुसऱ्यांना विचारत होतो.

३ मार्च, सोमवार

सिव्हिलच्या त्वचा विभागात लाईनीत दोन तास. खरूजच. डॉक्टरांनी भिंग लावून बघायला एक मिनिट घेतलं, पुढची दोन मिनिटं स्टेरॉइडची ट्यूब लावल्याबद्दल बोलणी.

खरजेचा किडा डोळ्याला जेमतेम दिसेल न दिसेल असा. मादी कातडीत बीळ करत जाते आणि अंडी घालते. अंगभर खाज असली तरी नेहमीच्या खरजेत अख्ख्या अंगावर मिळून दहा-पंधराच किडे असतात, खाज त्यांच्या आणि त्यांच्या घाणीच्या ॲलर्जीची असते. ही ॲलर्जी जमायला पहिल्या वेळी चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे मला खाज सुटायच्या महिनाभर आधीच तो अंगावर असणार. त्या महिन्यात मी कुठे कुठे झोपलो? खोलीत, आणि मामाकडे. आजीच्या खोलीत. मामाचा चार वर्षांचा मुलगा माझ्या पांघरुणात घुसतो.

औषध पर्मेथ्रिन ५ टक्के. मानेपासून तळपायापर्यंत, बेंबी, बेचके, नखांखाली, सगळीकडे, रात्री लावून सकाळी धुवायचं. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना डोक्याला-चेहऱ्यालाही, डॉक्टर सांगतील तसं. आठवड्याने पुन्हा एकदा. आणि मुख्य म्हणजे घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, खाज असो वा नसो.

४ मार्च, मंगळवार

खोलीतल्या चौघांनी लावलं. पाठीला एकमेकांची मदत. मी हात धुतले आणि पुन्हा लावायला विसरलो, पार्टनरने आठवण केली. आमचा किडा बेचक्यातच तर आहे.

प्रश्न चादरींचा. कपडे गरम पाण्यात धुवायचे, पण पाणी यायला अजून दोन दिवस आणि आमच्याकडे चार जाडजूड सोलापुरी चादरी. एक भिजवली तर बादली संपते, पिळायला दोन माणसं लागतात. उपाय पुस्तकातच होता: माणसाच्या अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही. चारही चादरी काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंबल्या, तोंड बांधलं आणि आठवडाभर माळ्यावर टाकल्या. रात्री वर्तमानपत्र अंथरून झोपलो.

६ मार्च, गुरुवार

मामाकडे सांगायला गेलो. हे काम व्हायव्हापेक्षा अवघड.

"आपल्या घरात खरूज?" मामा दुकानात हळू आवाजात बोलला, गिऱ्हाईक नसताना. "आपण काय घाण राहतो का?" खरजेचा आणि घाणीचा संबंध नाही, सलग कातडीला कातडी लागण्याचा आहे, ती कुणालाही होते, जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून तिला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं आहे. हे सगळं मी म्हणालो. मामाने ऐकलंही. पण घरी औषध लावायचं नाव काढेना, कारण मामीला सांगावं लागणार आणि मामी तिच्या बहिणीला सांगणार.

मग मामीच दुकानात आली, कडेवर पोरगा. "अहो, याच्या तळहाताला बघा काय आलंय, चार दिवस झोपला नाही." मामाने पोराचा हात बघितला, माझ्याकडे बघितलं आणि कपाटातून पाच ट्यूबा काढल्या. मीच म्हणालो की पोराला आणि आजीला आधी डॉक्टरकडे दाखवू. गेले दोघं, त्याच संध्याकाळी.

१० मार्च, सोमवार

काउंटरवर विडी वळणाऱ्या एक अक्का. पायावर जुना खाजरा चट्टा होता, कुणीतरी बिब्बा लावायला सांगितला. सुईने टोचून, दिव्यावर धरून, उतरलेलं काळं तेल लावलं. आता घोट्यापासून नडगीपर्यंत फोड, पाणी गळतंय. बिब्ब्याच्या तेलात जहाल रसायन असतं आणि ते कातडी भाजल्यासारखी उतरवतं. पूर्वी धोबी कपड्यांवर खूण करायला हेच तेल वापरत आणि कॉलरपाशी त्या खुणेच्या मापाचा खाजरा चट्टा उठायचा. अक्कांना मामाने ट्यूब दिली नाही, सिव्हिलला पाठवलं. रिक्षाचे पैसेही दिले. हे मुद्दाम लिहून ठेवतोय, १६ जानेवारीच्या नोंदीत मी त्याला जरा वाईट रंगवलं आहे.

माझी खाज अजून आहे. किडे मेले तरी दोन ते चार आठवडे ॲलर्जी रेंगाळते. हे माहीत नसलं की माणूस रोज औषध लावत सुटतो आणि त्यानेच कातडी चिडते. दुसरा डोस उद्या.

२० मार्च, गुरुवार

काल रंगपंचमी. आज काउंटरवर सगळ्या चेहऱ्यांची एकच तक्रार. रंगाने थोडं, घासण्याने जास्त: कुणी रॉकेल, कुणी कपड्याचा साबण, एकाने लिंबू. बाकी नवीन काही नाही.

२७ मार्च, गुरुवार

बॅच ३ ची बरणी उघडली आणि पार्टनर मागे सरकला. मुतारीचा वास. सामू मोजला, साडेपाचचा आठच्या वर गेलेला.

कारण वहीत ११ फेब्रुवारीला आमच्याच अक्षरात आहे: "गरम पाण्यात विरघळवून घातला." युरिया उष्णतेने आणि पाण्याने हळूहळू फुटतो, अमोनिया सुटतो, सामू चढतो, चढलेल्या सामूत आणखी फुटतो. त्यात आमचं कपाट पश्चिमेच्या भिंतीला, दुपारी थर्मामीटर ३८ दाखवतो. नवी बॅच ४: युरिया शेवटी, मलम ४० अंशांखाली आल्यावर, आणि जोडीला लॅक्टिक आम्ल व सोडियम लॅक्टेट, सामू धरून ठेवायला. करडईचं तेलही खवट व्हायला लागलं होतं, म्हणून किंचित व्हिटॅमिन ई.

मॅडम म्हणाल्या, फसलेली बॅच रिपोर्टमध्ये पहिल्या पानावर टाका.

८ एप्रिल, मंगळवार

ऊन चाळिशीच्या पार. काउंटरवर आता कोरडी कातडी कुणाचीच नाही, सगळीकडे घामोळ्या. घामाची भोकं बुजतात, घाम कातडीतच अडकतो, टोचल्यासारखी खाज. यावर गार पाणी, सैल सुती कपडे, वारा आणि फार तर कॅलामाइन. तुपकट मलम लावलं तर भोकं आणखी बुजणार. थोडक्यात, तीन महिने खपून आम्ही जे मलम केलं ते सोलापुरात निम्मं वर्ष कपाटात ठेवायच्या लायकीचं. पार्टनरला हे सांगितलं तर तो म्हणाला, रिपोर्टमध्ये नको लिहूस. लिहिलं.

१५ एप्रिल, मंगळवार

एक पानाचं पत्रक. मलमापेक्षा हेच जास्त कामाचं होणार असं वाटायला लागलंय. वर मोठ्या अक्षरात पाच प्रश्न: किती दिवस? रात्री जास्त का? घरात अजून कुणाला? पुरळ आहे की नुसती खाज? आधी कुठली ट्यूब लावली? खाली, थेट डॉक्टरकडे कधी: अंगभर खाज आणि पुरळ नाही, डोळे पिवळे, वजन उतरतंय, रात्री घामाने भिजणं, गरोदरपणात शेवटच्या महिन्यांत तळहात-तळपायांना खाज. शेवटचा मुद्दा मॅडमनी घालायला लावला. त्यात यकृताचा त्रास असू शकतो आणि बाळालाही धोका असतो.

तेलुगू मजकूर तपासायला त्याच बिब्बावाल्या अक्का बसल्या. पाय बरा आहे, काळा डाग राहिलाय. त्यांनी आमचा अर्धा मजकूर खोडला. "हे पुस्तकातलं. आम्ही असं बोलत नाही." मग त्यांनी सांगितलं तसं लिहिलं.

२८ एप्रिल, सोमवार

बॅच ४ चार आठवडे टिकली. वास नाही, सामू हलला नाही, सेंट्रिफ्यूजमध्ये गरगरा फिरवूनही तेल-पाणी फुटलं नाही. परवा रिपोर्ट बायंडिंगला.

आजी आता अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच पायाला साधी पेट्रोलियम जेली चोपडते, वजरी मी लपवून ठेवली आहे. रात्रीचा खर्रखर्र आवाज बंद झाला. पाणी मात्र अजून कढतच घेते, एप्रिलमध्येसुद्धा. त्यावर बोलणं मी सोडून दिलंय.

पत्रक मामाने स्वतः काउंटरच्या काचेला चिकटवलं होतं, देवाच्या कॅलेंडरखाली. आज गेलो तर त्यावर एका कंपनीच्या माणसाने आपलं पोस्टर लावून टाकलेलं, गोरी बाई आणि खाजेची क्रीम. मी नखाने पोस्टरची कड उचकटायला लागलो. मामा आतून ओरडला, "अरे फाडू नको, त्याच्यावर दहा टक्के स्कीम आहे." मग स्वतःच येऊन, ओलं फडकं लावून, पोस्टर अख्खं सोडवलं आणि फ्रिजच्या बाजूला, पंख्यामागे लावलं.